आराखडा गल्लीत बसून करायचा, की वॉर्ड ऑफिसवर सोडायचा?

उतारावरची ताई
आमची वस्ती मुंबईच्या पूर्व उपनगरात, टेकडीच्या उतारावर. अकरा गल्ल्या, मधून एक मोठं गटार, पायथ्याशी सोसायट्या. गेल्या पावसाळ्यात नवव्या गल्लीत गुडघाभर पाणी शिरलं. वर सहाव्या गल्लीत पायवाट नवी केली तेव्हा गटाराचं तोंडच बुजवलं होतं. काम मंजूर झालं, पाटीही लागली. पाणी कुठून उतरतं हे सहाव्या गल्लीतल्या कुठल्याही बाईने दोन मिनिटांत दाखवलं असतं, पण तिला कोणी विचारलंच नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की वस्तीतल्या कामांचा या वर्षीचा आराखडा आधी आपण करू या. तीन रविवार घ्यायचे. गल्लीगल्लीत बसून घरं मोजायची, पाणी कुठवर चढलं त्याची खूण भिंतीवर करायची. संडासाच्या किती सीट चालू आहेत, किती बंद, किती वाजता कुलूप लागतं, ते लिहायचं. स्वच्छ भारतचं माप 35 पुरुषांमागे एक सीट, 25 बायकांमागे एक. आपल्याकडे किती आहेत ते कोणी सांगू शकत नाही, कारण मोजलेलंच नाही.

मंडळाच्या हॉलमध्ये सभा लावून तयार नकाशा दाखवायचा आणि सह्या घ्यायच्या, याला मी सहभाग म्हणत नाही. त्या सभेत बाई उठून ‘रात्री संडासाच्या वाटेवर दिवा नाही’ असं बोलत नाही. नळावर पाणी भरताना बोलते. भायखळ्याच्या फूटपाथवरच्या लोकांना 1985 साली बेघर करायचं घाटत होतं, तेव्हा त्यांच्यातल्याच बायका स्पार्क संस्थेबरोबर मोजणीला उतरल्या आणि 6 हजारांच्या आसपास कुटुंबांची नोंद उभी राहिली. तोवर ती माणसं कुठल्याच कागदावर नव्हती.

निवृत्त अभियंता
ताई, तुमची कळकळ पोचते, पण मी विरोधात आहे. माझी सगळी नोकरी पावसाळी गटारांच्या कामात झाली. पाणी उताराने जातं, गल्लीच्या ठरावाने जात नाही. मुंबईची जुनी गटारं तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली. ब्रिमस्टोवॅड या गटारसुधार प्रकल्पात ते माप 50 वर नेलं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला. असल्या गणितात प्रत्येक गल्ली आपल्या दारापुरतं बघते. वरच्यांनी गटार रुंद करून घेतलं की खालच्यांकडे पाणी दुप्पट जोराने येतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि जमीन कोणाची? टेकडीवर काही भाग वनखात्याचा असतो, काही कलेक्टरचा, काही पालिकेचा. संरक्षक भिंत म्हाडाचं झोपडपट्टी सुधार मंडळ बांधतं, गटार पालिका बघते. हे न बघता केलेला आराखडा पहिल्याच टेबलावर अडकेल आणि तोवर पाऊस येईल. 18 जुलै 2021 च्या पहाटे चेंबूर आणि विक्रोळीत दरड-भिंती घरांवर आल्या. अशा ठिकाणी चर्चेत घालवायला वेळ नसतो.

उतारावरची ताई
साहेब, म्हणूनच तुम्ही हवे आहात. लेव्हल, म्हणजे जमिनीच्या चढ-उताराचं माप, तुम्ही घ्या, पाणी चढल्याच्या खुणा आम्ही दाखवू. कुठली जागा कोणाची, हेही तुम्हीच गल्लीत येऊन सांगा. सहाव्या गल्लीत अभियंता नव्हता असं नाही. तो गल्लीत आला नव्हता.

सोसायटीवाले काका
आमच्या बाजूला एएलएम आहे. 1997 पासून पालिकेने ही प्रगत परिसर व्यवस्थापनाची पद्धत चालवली. ओला-सुका कचरा वेगळा करणं आम्ही त्यातूनच शिकलो. प्रत्येक बिल्डिंगचा एक माणूस, एकूण सात-आठ जण, वॉर्डाच्या अधिकाऱ्यांशी ठरलेली बैठक. कामं होतात. शंभर माणसं बसवलीत तर पहिला तास जुन्या भांडणांतच जाईल. पाच जबाबदार माणसं निवडा आणि त्यांच्यावर सोडा.

पाचव्या गल्लीतली भाडेकरू
काका, ते पाच कोण असणार ते मला आत्ताच माहीत आहे. ज्यांच्याकडे फोटोपास, म्हणजे झोपडीचं सरकारी ओळखपत्र, आहे ते.

आठ वर्षं मी या वस्तीत राहते. तीन खोल्या बदलल्या, गल्ली तीच. एकाही सभेचं बोलावणं मला आलं नाही. झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेतली पात्र रहिवाशांची यादी, म्हणजे परिशिष्ट-2, लागली तरी त्यात घरमालकाचं नाव येणार. मागच्या वर्षी ‘वास येतो, दारासमोर नको’ म्हणून संडास तिसऱ्या गल्लीच्या टोकाला हलवायचं मालकांनी ठरवलं होतं. त्यांच्या घरात स्वतःचा संडास आहे. आमच्या मुलींनी पहाटे अंधारात तेवढं चालायचं होतं. ताई, तुमच्या ‘रहिवाशांनी ठरवलं’ या शब्दाची मला भीती वाटते. रहिवासी म्हणजे कोण, ते आधी सांगा.

कायद्याचा विद्यार्थी
कागदावर याची सोय आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या आल्या, 2009 मध्ये राज्याच्या कायद्यात क्षेत्रसभाही आली. गावाला ग्रामसभा तशी शहराला क्षेत्रसभा. पण आपल्यापैकी कोणी क्षेत्रसभेला बसलंय का? मार्च 2022 मध्ये 227 नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षं सगळे वॉर्ड प्रशासकाच्या हाती होते. त्यामुळे वस्तीच्या आराखड्याला कायद्याचं वजन नाही, हे धरून चाला.

तरी तो करावा असं मला वाटतं. शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा 2015 च्या फेब्रुवारीत आला. लोकांनी आपापल्या भागाचे नकाशे उघडून जागेवर ताडून पाहिले, चुका दाखवल्या, हरकतींचा ढीग पडला. एप्रिलमध्ये सरकारला तो दुरुस्तीसाठी परत पाठवावा लागला. मंजुरी मिळायला 2018 उजाडलं. ज्याला आपली गल्ली माहीत असते तोच हरकत घेऊ शकतो.

नाक्यावरचा
माझा सरळ विरोध. रविवार हा मला मिळणारा एकच दिवस. घरं मोजायची आम्ही, सीट मोजायच्या आम्ही, नकाशा काढायचा आम्ही. मग पालिका कशाला आहे? वस्तीतली सार्वजनिक शौचालयं ‘लोकसहभाग’ म्हणूनच स्थानिक मंडळांकडे चालवायला दिली. आमच्याकडे दोन वर्षांत चावी एकाच माणसाकडे गेली आणि तो दर माणशी पैसे घ्यायला लागला. तक्रार केली तर उत्तर मिळालं, ‘तुमचंच मंडळ आहे.’ सहभागाच्या नावाखाली जबाबदारी आमच्या गळ्यात येते, पैसा आणि अधिकार येत नाही.

आणि पाण्याचं म्हणाल तर झोपडी अनधिकृत असली तरी माणसाला पाणी नाकारता येणार नाही, हे पाणी हक्क समितीच्या याचिकेवर हायकोर्टाने डिसेंबर 2014 मध्ये सांगितलं. भांडून मिळालं ते. रंगीत खडूने नकाशा काढून मिळालं नाही.

उतारावरची ताई
दादा, चावीचं तुम्ही बोललात ते शब्दाशब्दाने खरं आहे. म्हणून आराखड्यात पहिलीच ओळ अशी लिहू या : देखभाल, झाडलोट, दुरुस्ती यांपैकी काहीही वस्ती अंगावर घेणार नाही. ते पालिकेचंच काम. आपण फक्त मोजायचं आणि मागायचं. कोर्टात जा, मोर्चा काढा, ‘किती घरं?’ हा प्रश्न सगळ्यांत आधी येतो. आज आपल्याकडे त्याचं उत्तर नाही. कोणी म्हणतं सहाशे, कोणी म्हणतं हजार.

पाचव्या गल्लीतल्या बाई, तुमच्यापुढे मी चुकले. फोटोपासची यादी डोळ्यांसमोर ठेवूनच मी घरं मोजायची म्हणत होते. आता यादी दारानुसार करू. त्या खोलीत रात्री जो झोपतो तो रहिवासी. संडास कुठे असावा हे तो वापरणाऱ्यांनीच ठरवायचं, ज्यांच्या घरात आहे त्यांनी त्यात बोलायचं नाही. यावरून मालक मंडळी माझ्याशी भांडतील, भांडू देत.

काका, तुमची पाच माणसं फाईल घेऊन वॉर्डात जायला हवीतच. पण फाईल निघण्याआधी ती अकरा गल्ल्यांत मोठ्याने वाचून दाखवायची. ठरवणं त्यांच्याकडे नाही.

सोसायटीवाले काका
अकरा वेळा वाचायची? वेळ जाईल. पण आमच्या गेटसमोर तुंबतं ते पाणीही वरूनच येतं, तेव्हा बारावं वाचन आमच्याकडे करा.

निवृत्त अभियंता
मी लेव्हल घ्यायला येतो. एक अट आहे. गल्लीचं म्हणणं आणि लेव्हल जुळली नाही तर मी लेव्हलच धरणार.

उतारावरची ताई
धरा. पण त्या गल्लीत उभं राहून, सगळ्यांसमोर, का ते सांगा.

पाचव्या गल्लीतली भाडेकरू
रविवारी सकाळी येऊ नका, तेव्हा आमचं पाणी येतं, एकही बाई हंडा सोडून बसणार नाही. शनिवारी रात्री साडेनऊला या, जेवणं उरकलेली असतात. लिहायला बाईच पाठवा. पाचव्या गल्लीतल्या भाडेकरूंची दारं मी स्वतः दाखवते.

नाक्यावरचा
माझं मत बदललेलं नाही. पण शनिवारी रात्री असेल तर घरच्यांना पाठवतो. संडासाला कुलूप किती वाजता लागतं ते त्या सांगतील, तेवढं वहीत नीट उतरवून घ्या.