काटा हलत नाही तेव्हाचे दिवस: तुमचे अनुभव लिहा

मागच्या महिन्यात माझ्या चुलत बहिणीचा सकाळीच फोन आला. वजन उतरवायला सुरुवात करून २१ दिवस झाले होते. साखरेचा चहा बंद, रात्रीचा भात बंद, रोज पहाटे नागपूरच्या गांधीसागर तलावाला फेरी. आणि वजनाचा काटा ७८.४ किलोवरून ७८.९ वर. रडत होती. "ताई, मला काहीच लागू पडत नाही. सोडून देते मी."

मी स्वतः दोनदा याच टप्प्यावर सोडलं आहे, दोन्ही वेळा तिसऱ्या आठवड्यात. म्हणून तुम्हा सगळ्यांना विचारते आहे. सुरुवातीचा तो कोरडा महिना-दीड महिना तुम्ही कसा काढला? कशाने टिकलात? सोडलं असेल तर कशामुळे, तेही लिहा. किती किलो उतरलं याची यादी नको. मधले दिवस सांगा.

पहिला अनुभव माझाच.

तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा आधी वही घेऊन बसले. आम्ही घरात चौघं. महिन्याला ५ लिटरचा तेलाचा डबा संपायचा. कढईत डब्यातूनच धार धरायची सवय, मोजणार कोण? मी तेल छोट्या बरणीत काढलं आणि बरणीच्या गळ्याला दोऱ्याने एक चहाचा चमचा बांधून टाकला. चमच्याशिवाय तेल घ्यायचं नाही, हा एकच नियम. सासूबाईंना सुरुवातीला जड गेलं. वर तर्री, म्हणजे तेलाचा लाल तवंग, न आलेला पाटवडीचा रस्सा त्यांना आजाऱ्याचं जेवण वाटायचा, आणि आयुष्यभर तसा रस्सा करून खाऊ घातलेल्या बाईला तसं वाटणारच. रविवारची तर्री आम्ही ठेवली. दोन महिन्यांत डबा ३ लिटरवर आला.

मग हिशेब मांडला. २ लिटर तेल म्हणजे साधारण १,८०० ग्रॅम. ग्रॅमला ९ कॅलरी धरल्या तर १६,००० च्या वर. चौघांत माणशी महिन्याला ४,००० कॅलरी वाचल्या. अंगातली एक किलो चरबी जायला साधारण ७,७०० कॅलरींची तूट लागते. म्हणजे एवढं करून या एका बदलाचे महिन्याला अर्धा किलो. आणि पाळीच्या आधी माझं वजन नुसत्या पाण्यानेच दीड किलो वाढतं! त्या दीड किलोखाली हा अर्धा किलो दिसणार कसा? आकडा वहीत लिहिला तेव्हा छातीवरचं ओझं उतरलं. आधीच्या दोन्ही वेळी तो अर्धा किलो बहुतेक जात होता, मी तो दिसायच्या आत उठून गेले.

आता तुम्ही लिहा.

पारडी, ऑटोचालक

ताई, मी ऑटो चालवतो. दिवसभर बसूनच काम. शुगर काठावर निघाली, डॉक्टर म्हणाले ९२ किलो आहे, उतरवा. पहाटे पाचला चालाले लागलो. पहिले २० मिनिटं, मग ४०. स्टँडवरचे पोहे सोडले नाही, पण तर्री अन् वरची शेव सोडली. पंधरा दिवसांनं काट्यावर उभा राहिलो तर ९३! मले लय वाईट वाटलं. झोप मोडून राहिलो, जीव मारून राहिलो, अन् वजन वाढून राहिलं, काहून?

डॉक्टरनं समजावून सांगितलं. पायाला सवय नसते, एकदम काम पडलं की स्नायू दुखतात, आतून थोडे सुजतात, अन् पाणी धरून ठेवतात. काही आठवड्यानं ते पाणी आपोआप जाते. म्हणाले, आता महिनाभर काट्याचं तोंड पाहू नका. नाही पाहिलं. पण एक गोष्ट ध्यानात आली. पहिले सवारीची बॅग घेऊन जिना चढलो की दम लागे, पैसे घेताना तोंडातून शब्द नाही निघे. दीड महिन्यानं एका आजीची पेटी तिसऱ्या माळ्यावर नेऊन दिली. आजीनं वर पाणी देलं अन् गावाचं नाव विचारलं. मी लगेच सांगितलं. दम लागलाच नव्हता. त्या दिवशी मी खाली येऊन पाच मिनिटं ऑटोत तसाच बसून होतो.

वजन त्याच्यानंतर उतरलं. आता ८७ आहे.

मेडिकल चौक, परिचारिका

वॉर्डात रोज वजनं घेते, म्हणून थोडं कामाचं सांगते. वजन सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी घ्या. काटा रोज एकाच फरशीवर ठेवा, गादी किंवा सतरंजीवर नको. एका दिवसाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. सात दिवसांची सरासरी काढा आणि ती मागच्या आठवड्याच्या सरासरीशी लावून पाहा.

रात्री सावजी जेवलात आणि सकाळी एक किलो जास्त भरला, तर ती एका रात्रीत चढलेली चरबी नव्हे. मीठ पाणी धरतं, आणि पोटातल्या अन्नालाही वजन असतंच. उलटही तितकंच खरं. पहिल्याच आठवड्यात दोन-तीन किलो गेले म्हणून पेढे वाटू नका. भात-पोळी कमी केली की अंगात साठवलेली साखर वापरली जाते, आणि तिच्या एका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठलेलं असतं, ते बाहेर पडतं. पुन्हा नीट जेवलात की परत येतं. या परत येण्यानेच पुष्कळ बाया खचतात.

बेंबीच्या पातळीवर कमरेचं माप घ्या, श्वास सोडून, टेप न आवळता. आपल्याकडे बायकांना ८० आणि पुरुषांना ९० सेंटिमीटरच्या आत असावं असं धरतात. काटा अडला असताना टेप हललेली मी कितीदा पाहिली आहे.

खामला

मी सोडलं होतं. मे महिना, पारा ४५ च्या पुढे, रात्री नऊलाही रस्त्यावरून झळा येत होत्या, आणि घरात दोन लग्नं. जूनमध्ये पाऊस पडल्यावर परत धरलं. मधलं सगळं वाया गेलं असं वाटलं होतं, पण चहा बिनसाखरेचा राहिला होता. तो अजूनही आहे.

त्रिमूर्तीनगर

माझा अनुभव जरा वेगळा आहे, पण इथे लिहायलाच हवा.

मी धीर धरला, नको तितका धरला. पाच महिने. मोजून दोन पोळ्या, जिम, सगळं. वजन दर महिन्याला थोडं वरच. जिममधला प्रशिक्षक चारचौघांत म्हणाला, "मॅडम, तुमच्या मनातच नाहीये." मी घरी येऊन जेवले नाही. त्याच काळात माझे केस मूठ-मूठ गळत होते, दिवाळीच्या सुमारास घरात सगळे पंख्याखाली आणि मी शाल घेऊन, सकाळी चेहरा सुजलेला, पोट साफ होत नव्हतं. हे सगळं मी डाएटच्या खात्यात टाकत होते. शेवटी आईच ओढून डॉक्टरकडे घेऊन गेली. रक्त तपासलं, थायरॉईड कमी निघालं. गोळी सुरू झाली, पहाटे उपाशीपोटी. दोन-तीन महिन्यांत अंगात जीव आला, मग कुठे तेवढ्याच जेवणावर वजन हळूहळू उतरायला लागलं.

नीट पाळूनही दोन-तीन महिन्यांत सरासरी जागची हलत नसेल तर एकदा तपासून घ्या. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, पीसीओएस (पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा विकार) असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. माझे पाच महिने गेले आणि त्यात मी स्वतःला फार वाईट बोलले.

लक्ष्मीनगर, विद्यार्थिनी

वरच्या ताईंचं वाचून लिहिते आहे. मी १९ वर्षांची आहे. दोन आठवडे काही दिसलं नाही म्हणून मी धीर सोडला, पण उलट्या बाजूने. जेवणच बंद केलं. काकडी आणि ताक. काटा भरभर उतरला, मला वाटलं जमलं. मग एक दिवस कॉलेजच्या जिन्यात डोळ्यांपुढे अंधार आला. पाळी दोन महिने आली नाही. आहारतज्ज्ञ मॅडमनी वाटीभर घट्ट वरण, दोन अंडी, एक भाकर, भाजी असं परत लावलं. वजन दीड किलो वाढलं आणि मला रोज रडू यायचं. मॅडम म्हणायच्या, थांब. थांबले. आता आठ महिन्यांत चार किलो गेलेत. पाळी वेळेवर आहे.

महाल, निवृत्त शिक्षक

वय ६३. मधुमेह ११ वर्षांपासून. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले. तीन महिन्यांत फक्त दोन किलो उतरले, पत्नीला फारसे काही वाटले नाही, मलाही नाही. पण एचबीए१सी ७.४ वरून ६.६ वर आले होते. ही तपासणी साधारण मागच्या तीन महिन्यांची साखर सांगते, त्यामुळे आदल्या दिवशी गोड टाळून तिला फसवता येत नाही. डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. ते म्हणाले, वजनाच्या ५ टक्के जरी घट झाली तरी साखर आणि रक्तदाब दोन्हींवर परिणाम दिसू लागतो. माझ्या ८० किलोचे ५ टक्के म्हणजे चार किलो. मी निम्म्या वाटेवर होतो आणि मला वाटत होते की निघालोच नाही.

महाल

ताई, ती फोनवर रडणारी बहीण मीच. तुझं सगळं वाचलं, बाकीच्यांचंही. पारडीच्या भाऊंचं दोनदा वाचलं.

आज ५४ वा दिवस आहे. आठवड्याची सरासरी ७७.३. दिसायला थोडंच आहे, पण परिचारिकाताईंचं वाचून मी टेप घेतली. मी ब्लाऊज शिवते, २२ वर्षं झाली, टेप दिवसभर गळ्यात असते. शेकडो बायांची मापं वहीत आहेत, माझं कधी लिहिलंच नव्हतं. अंदाजाने शिवते माझे. आता जुनं माप कुठून आणायचं? मग दसऱ्याला शिवलेला माझा हिरवा ब्लाऊज काढला. तो तेव्हा अंगावर घट्ट बसला होता, हुक लावताना श्वास धरावा लागायचा. काल घातला तर दोन्ही बाजूंना चिमटीत कापड आलं.

रात्री जेवण आवरल्यावर मशीनवर बसले. दोन्ही शिवणी अर्धा-अर्धा इंच आत घेतल्या. आतली माया कापली नाही, तशीच ठेवली आहे.