नगरसेवक कशाला, अ‍ॅप आहे की!

गच्चीवरून: काल इथे एकाने लिहिलं, मोबाइलवर तक्रार करता येत असताना नगरसेवकाच्या दारात ताटकळणारे लोक मागासलेले. डोकं फिरलं म्हणून लिहितोय. मार्च 2022 मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले. जानेवारी 2026 मध्ये मतदान होईपर्यंत 227 पैकी एकाही जागेवर नगरसेवक नव्हता. पालिकेचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा चॅटबॉट जानेवारी 2022 चाच. म्हणजे तुम्हाला हवा तो प्रयोग पावणेचार वर्षं झालाच की! माझं ऐका, कचेरीचं नाव घेत नाही. गल्लीतल्या गटाराचं झाकण फुटलं. फोटो टाकला, नंबर मिळाला. तिसऱ्या दिवशी मेसेज, ‘तक्रार निकाली’. खाली जाऊन बघतो तर भोकात झाडाची फांदी खोचलेली, तीही आमच्याच वॉचमनने. पुन्हा तक्रार केली तर नवा नंबर, जुन्याशी काही संबंधच नाही!

पवईकर_37: पोस्ट माझीच. वडील गेले तेव्हा मृत्यूचा दाखला घरबसल्या काढला. ना रजा, ना चहापाणी. तुमच्या नगरसेवकाकडे ‘साहेब लग्नाला गेलेत, संध्याकाळी या’. तेच बरं वाटतं का?

शिवडीची_सून: घरबसल्या? नशीबवान आहात. आमच्याकडे एका साइटवर मराठी निवडलं तर ‘होम’च्या जागी ‘घर’. सासूबाईंना वाटलं पत्ता विचारतायत. तीनदा दाबलं, तीनदा भरलेला अर्ज पुसला गेला.

पवईकर_37: यात मराठी कुठून आली?

दौत_टाक: इथूनच आली. ‘प्रमाणीकरण अयशस्वी’ ही कुणाच्या घरातली भाषा? ‘ओटीपी चुकला’ लिहायला काय जातं? यंत्राने केलेलं भाषांतर कुणी एकदा मोठ्याने वाचतसुद्धा नाही.

गच्चीवरून: अहो, झाकण...

शिवडीची_सून: झाकण तुमचं, दाखला आमचा. तुम्ही इंग्रजी बटण दाबून मोकळे होता.

पवईकर_37: मग सगळ्या मुंबईने तुमच्या सासूबाईंसाठी थांबायचं?

शिवडीची_सून: सासूबाईंपर्यंत जाऊ नका. पाणीपट्टी त्याही भरतात.

दौत_टाक: भांडा खुशाल, पण 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. मुदतीत सेवा नाही दिली तर दोन अपिलं, मग आयोग, आणि अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड. मात्र अधिसूचित, म्हणजे सरकारने यादीत जाहीर केलेल्या सेवांनाच. दाखला त्यात बसतो, फांदी खोचलेलं गटार कुठे बसवणार?

गच्चीवरून: हेच मघापासून बोंबलतोय! दाखल्यापुरतं अ‍ॅप ठीक, घ्या, मान्य. पण निकाली कुणी काढली, काय बघून काढली, हे विचारायला समोर माणूस लागतो.

पवईकर_37: बरं बाबा. तक्रार बंद करण्याआधी तक्रारदाराला विचारावं, एवढं मान्य. खूश? पण नगरसेवकाला फोन मी लावणार नाही.

गच्चीवरून: नका लावू. आमचं झाकण नव्या नगरसेवकाच्या पोरांनी दोन दिवसांत बसवून घेतलं. ग्रुपवर आलेल्या फोटोत साहेबच जास्त दिसतायत, झाकण शोधावं लागतं, ते सोडा.

शिवडीची_सून: आणि त्या ‘घर’ बटणाचं काय?