घड्याळ म्हणतं ६ तास ४०, वही म्हणते ५ तास १०. झोपेची खिडकी कशावरून ठरवायची?

रातकिडा
निद्रानाशासाठी सीबीटी-आयचं (विचार आणि सवयी बदलून, गोळ्यांशिवाय करायचा उपचार) ॲप वापरतोय. १४ रात्रींच्या नोंदी झाल्या, आता ते झोपेची खिडकी (रोज अंथरुणात राहायची ठरावीक वेळ) ठरवणार. अंथरुणात रात्री १०:३० ते सकाळी ६:३०. मनगटी घड्याळाची सरासरी ६ तास ४० मिनिटं, झोपेच्या नोंदवहीतली ५ तास १०. आयएसआय (निद्रानाशाची तीव्रता मोजणारी प्रश्नावली) १७. ॲपला घड्याळ थेट जोडता येतं. जोडू का?

पहाटवारा
नका जोडू, वहीचाच आकडा भरा. घड्याळ मुख्यतः हालचाल आणि नाडी बघतं. निद्रानाशात माणूस टक्क जागा असूनही निपचित पडलेला असतो, आणि घड्याळ ती झोप धरतं. तुमच्या दीड तासाच्या तफावतीतला बराच भाग हाच असणार.

हिशेब करून बघा. वहीप्रमाणे ४८० मिनिटांत ३१० मिनिटं झोप, म्हणजे झोपेची कार्यक्षमता (अंथरुणातल्या वेळेपैकी झोपेचा वाटा) ६५ टक्के. घड्याळाप्रमाणे ४०० मिनिटं, म्हणजे ८३ टक्के. घड्याळावर विसंबलात तर खिडकी पावणेसात तासांच्या आसपास येईल. तेवढ्याने झोपेचा दाब (जागं राहून साठणारी झोपेची ओढ) साठत नाही, आणि तीन आठवड्यांनी 'ॲप कुचकामी' म्हणून सोडून द्याल.

वहीच्या आकड्यात थोडी भर घालून साडेपाच तास घ्या. उठायची वेळ आधी पक्की करा, समजा ६:००. मग अंथरुणावर जायचं १२:३० ला. पाच तासांच्या खाली कधीच जाऊ नका, वहीत चार आले तरी. आठवड्याची सरासरी कार्यक्षमता ८५ टक्क्यांवर गेली की १५ मिनिटं वाढवा, ८० च्या खाली असेल तर १५ कमी करा, मध्ये असेल तर तसंच राहू द्या. एका वाईट रात्रीवरून खिडकी हलवायची नाही.

चांदणवेल
वहीही चुकते बरं का. रात्री घड्याळ बघून मिनिटं टिपली की ती जागरणाचीच नोंद होते. भिंतीवरचं घड्याळ झाका, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, साधं गजराचं घड्याळ आणा. उठल्यावर अर्ध्या तासात अंदाजाने लिहा: दिवा कधी मालवला, झोप लागायला किती वेळ, मधली जाग एकूण किती मिनिटं, शेवटची जाग, अंथरूण कधी सोडलं. पहाटे जाग आल्यावर लोळलेला वेळ बहुतेक जण विसरतात; तोही अंथरुणातलाच वेळ.

रातकिडा
आणि साडेबारापर्यंत जागायचं कसं? दहालाच पेंग येते.

चांदणवेल
टीव्हीसमोर सोफ्यावर लागलेली दहा मिनिटांची डुलकी सगळ्यात घातक, दिवसभर साठलेली झोप तिथेच खर्च होते. दहानंतर उभ्याने करायची कामं काढा: भांडी, इस्त्री, कपड्यांच्या घड्या. वामकुक्षी सध्या बंद. चहा दुपारी दोननंतर नको; कॅफिन निम्मं व्हायलाच पाचेक तास लागतात. रविवारीही सहालाच उठायचं (घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी मायेने गजर बंद करतं).

अंथरुणात १५-२० मिनिटं झोप आली नाही असं वाटलं तर उठून मंद उजेडात बसा, डोळे मिटायला लागले की परत जा.

निशिगंध
खिडकी लावण्याआधी एक चाळणी हवी. बायपोलर आजार, फिट्स किंवा झोपेत चालणं असेल तर डॉक्टरांशिवाय झोप कमी करायची नाही. झोप तुटल्याने उन्माद किंवा फिट येऊ शकते. मोठ्याने घोरणं, श्वास अडकणं, दिवसा बसल्या बसल्या झोप लागणं असेल तर आधी स्लीप ॲप्नियाची (झोपेत श्वास थांबण्याच्या आजाराची) तपासणी. पहिले दोन-तीन आठवडे दिवसा झापड येते, तेव्हा लांबचं ड्रायव्हिंग आणि यंत्रावरचं काम टाळा. पेंग आवरत नसेल तर गाडी चालवूच नका. झोपेची गोळी चालू असेल तर ती एकदम बंद करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू.

आयएसआयचे १७ गुण म्हणजे मध्यम तीव्रता, १५ ते २१ चा पट्टा. दर दोन आठवड्यांनी पुन्हा भरा. ७ किंवा खाली हे लक्ष्य.

पहाटवारा
घड्याळ टाकून द्यायचं नाही, उठायची वेळ रोज तीच राहते का हे ते बरं सांगतं. 'गाढ झोप ४२ मिनिटं' वगैरे मात्र बंद करून ठेवा. झोपेचे टप्पे मेंदूच्या लहरींवरून ठरतात, मनगटावर त्याचा नुसता अंदाज असतो, आणि तो आकडा बघून रात्री आणखी काळजी करणारे लोक आहेत. त्याला ऑर्थोसोम्निया असं नावही पडलंय.

रातकिडा
जोडणी काढली. उद्यापासून १२:३० ते ६:००.