पीएफसेन्सला सिमचं राउटर दुसरं वॅन (बाहेरच्या इंटरनेटची जोडणी) म्हणून जोडलं, पण फायबर गेल्यावर नेट त्यावर सरकत नाही

सुरसागर_काठ:
वडोदरा, दांडिया बाजारातलं जुनं घर. चार पोर्टांच्या मिनी पीसीवर पीएफसेन्स (फायरवॉल आणि राउटरचं सॉफ्टवेअर) आहे. पहिल्या पोर्टावर फायबरचं मोडेम (१९२.१६८.१.१), घरचं नेटवर्क १९२.१६८.१०.० वर. उत्तरायणात मांजा वायरींत अडकून फायबर तुटतं, म्हणून तिसऱ्या पोर्टावर फोर-जी राउटर लावलं. ते जोडलं की चालू नेटही अडखळतं. मोडेममागची फायबर काढून पाहिली तर डॅशबोर्डवर दोन्ही गेटवे (बाहेर जायची दारं, म्हणजे मोडेम आणि सिमचं राउटर) हिरवे आणि नेट बंद! बाहेरून कॅमेरे बघायला पोर्ट फॉरवर्डही (बाहेरून आलेली मागणी आतल्या यंत्राकडे वळवणं) केलेलं आहे.

वाडीकर:
हे दोन वेगळे दोष आहेत.

सिम राउटरचा पत्ताही १९२.१६८.१.१ असणार, बहुतेकांचा तोच असतो. दोन वॅनवर एकच सबनेट (पत्त्यांचा गट) आलं की कुठल्या पोर्टातून जायचं हे फायरवॉलला ठरवता येत नाही. राउटरला आधी नुसता लॅपटॉप लावा, त्याचा लॅन पत्ता १९२.१६८.८.१ करा आणि मगच ते फायरवॉलला जोडा. केबल राउटरच्या लॅन पोर्टातून घ्यायची, वॅन पोर्टातून नाही. पीएफसेन्समध्ये तो इंटरफेस डीएचसीपीवर (पत्ता आपोआप मिळेल असा) ठेवा आणि ‘ब्लॉक प्रायव्हेट नेटवर्क्स’ची खूण काढा. राउटरचं वायफाय आठवणीने बंद करा. नाहीतर घरातले फोन थेट त्याला जोडले जातात आणि तुमचा एकही नियम त्यांना लागू होत नाही.

आता हिरव्या दिव्याचं. मॉनिटर आयपी (जोडणी चालू आहे का हे तपासायचा पत्ता) रिकामा ठेवला की पीएफसेन्स गेटवेलाच पिंग करतं, म्हणजे उत्तर येतं का ते पाहतं. तुमचा गेटवे म्हणजे टेबलावरचं मोडेम. फायबर तुटली तरी ते उत्तर देतच राहणार. ‘सिस्टीम – राउटिंग’मध्ये फायबरला १.१.१.१ आणि सिमला ८.८.८.८ द्या. दोन्हींना एकच पत्ता चालत नाही, कारण त्या पत्त्याची वाट त्या गेटवेला बांधली जाते. म्हणूनच जनरल सेटअपमधले डीएनएसही (नावावरून पत्ता शोधणारे सर्व्हर) त्याच जोड्यांनी लावा: १.१.१.१ फायबरला, ८.८.८.८ सिमला. मग गेटवे ग्रुप करा: फायबर टियर १ (आधी), सिम टियर २ (ते गेल्यावर), ट्रिगर ‘पॅकेट लॉस’ (पिंगची उत्तरं हरवणं). ‘हाय लेटन्सी’ (उत्तराला उशीर) घेऊ नका. मोठं डाउनलोड सुरू झालं की फायबरचं पिंग वाढतं आणि नेट विनाकारण सिमवर उडी मारतं. शेवटी डीफॉल्ट गेटवे म्हणून हा ग्रुप निवडा. ही पायरी हमखास राहते.

मांडवी_४जी:
यात एक भर. पिंग दर अर्ध्या सेकंदाला जातं, म्हणजे सिमवर दिवसाला साधारण १० एमबी. डेटा मोजका असेल तर सिमच्या गेटवेचा प्रोब इंटरव्हल (दोन पिंगांमधला वेळ) ५००० मिलिसेकंद करा.

जुन्या जाड भिंतींमागे राउटर ठेवू नका. गच्चीलगतच्या खोलीत ठेवून कॅट-६ केबल खाली आणा. १०० मीटरपर्यंत काळजी नाही. राउटरच्या पानावर आरएसआरपी (सिग्नलची ताकद) उणे १०० किंवा त्याहून बरा दिसेपर्यंत जागा बदलत राहा. उणे ११५ ला नेट फक्त नावाला असतं. वीज गेल्यावरही हे चालायला हवं, तेव्हा राउटर आणि मिनी पीसी दोन्ही यूपीएसवर घ्या.

काही साइट अर्धवट उघडत असतील तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) तपासा. विंडोजवर ‘पिंग -एफ -एल १४७२’ पासून आकडा कमी करत जा. जो सर्वांत मोठा आकडा जाईल त्यात २८ मिळवले की एमटीयू. पीएफसेन्सच्या एमएसएस खान्यात हाच आकडा टाका. ४० ते स्वतः वजा करतं.

सुरसागर_काठ:
सबनेट आणि मॉनिटर आयपी बदलले. आता फायबर काढली की थोड्या वेळात सिमवर नेट येतं. पण सिमवर असताना बाहेरून कॅमेरे उघडत नाहीत.

वाडीकर:
पोर्ट फॉरवर्डने ते उघडणार नाहीत. सिम राउटरच्या पानावर वॅन पत्ता १०० च्या आकड्याने (१००.६४ ते १००.१२७) किंवा १० ने सुरू होत असेल, तर तुम्ही कंपनीच्या नॅटमागे (अनेक ग्राहकांना एकच बाहेरचा पत्ता वाटून देणारी व्यवस्था) आहात आणि बाहेरून आत येणारी वाटच नाही. जोडणी आतूनच निघायला हवी. भाड्याच्या सर्व्हरवर वायरगार्ड (खाजगी जोडणीचं व्हीपीएन) बसवा, घरची फायरवॉल त्याला जोडा, कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारा संदेश) २५ सेकंद ठेवा आणि फोनही त्याच सर्व्हरला जोडा. मग फायबर असो वा सिम, कॅमेऱ्याचा पत्ता बदलत नाही. हे चालू झालं की जुनं पोर्ट फॉरवर्ड काढून टाका. कॅमेऱ्यांचं पान उघड्या इंटरनेटवर ठेवणं धोक्याचं आहे.

आणि फायबर परत आल्यावर चालू जोडण्या सिमवरच अडकून राहतात. मोठा व्हिडिओ कॉल चालू असेल तर डेटा तिथेच जातो. ‘डायग्नोस्टिक्स – स्टेट्स’मध्ये (चालू जोडण्यांची यादी) जाऊन रीसेट करा.