मदत हवी आहे: ओहायो स्टेटचा नवा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर कामाचा आहे की नाही, हे मॅच बघताना कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

इथे अमेरिकन फुटबॉल बघणारे मोजकेच, पण जे आहेत ते मनापासून बघतात. म्हणून इथेच विचारतो. मी कोलंबसला राहतो, ओहायो स्टेटचा चाहता. मुलगी याच विद्यापीठात शिकते, त्यामुळे हंगाम सुरू झाला की घरात दुसरा विषय नसतो. ३० ऑगस्ट २०२५ला टेक्सासविरुद्ध पहिलीच मॅच आहे, तीही आमच्याच मैदानावर. आणि आमच्या कंपूत फेब्रुवारीपासून चाललेला वाद अजून मिटलेला नाही: मुख्य कोच रायन डे यांनी मॅट पॅट्रिशियाला डिफेन्स सोपवला, हे बरोबर केलं का?

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉलेज फुटबॉलमध्ये मुख्य कोचच्या हाताखाली दोन कोऑर्डिनेटर असतात, एक आक्रमणाचा आणि एक बचावाचा. बचावात कोण कुठे उभा राहणार, दबाव कुठून टाकायचा, हे प्रत्येक चालीआधी डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर ठरवतो. आमच्याकडे २०२२ ते २०२४ ही तीन वर्षं जिम नोल्स होते. २०२४ला तर देशात सगळ्यात कमी गुण देणारा डिफेन्स आमचा होता, सरासरी १२.९. २० जानेवारी २०२५ला अटलांटात नोत्र दामला ३४-२३ हरवून राष्ट्रीय विजेतेपद आणलं, आणि महिना संपायच्या आत नोल्स पेन स्टेटला गेले. आमच्याच कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आमच्याच गटातल्या संघाकडे! २०२५च्या हंगामापूर्वीच्या एपी क्रमवारीत (पत्रकारांच्या मतांवर ठरते ती) टेक्सास पहिलं, पेन स्टेट दुसरं आणि आम्ही तिसरे, म्हणजे जखमेवर मीठच.

नोल्स यांच्या जागी आलेले पॅट्रिशिया कॉलेजातून नाही, एनएफएलमधून, म्हणजे व्यावसायिक लीगमधून आले. न्यू इंग्लंड पेट्रियट्समध्ये बिल बेलिचिक यांच्या हाताखाली वाढले, २०१२ ते २०१७ तिथला डिफेन्स त्यांच्याकडे होता. मग डेट्रॉइट लायन्सचे मुख्य कोच झाले. तिथली कामगिरी १३ विजय, २९ पराभव आणि एक बरोबरी. २०२०चा हंगाम पुरा होण्याआधीच त्यांना काढलं.

आमच्या कंपूत एक गट म्हणतो, ज्याला डेट्रॉइटमध्ये संघ सांभाळता आला नाही त्याच्या हाती विजेत्यांचा डिफेन्स द्यायचाच कशाला. दुसरा गट म्हणतो, डेट्रॉइट विसरा, सुपर बोल (एनएफएलची अंतिम लढत) जिंकलेल्या संघाचा बचाव याने चालवलाय, आणखी काय हवं? माझी मुलगी दोघांनाही मानत नाही. गेल्या वर्षीच्या ११ मुख्य बचावपटूंपैकी आठ गेले, पुढच्या फळीतले तर चारही. सॉयर, टुइमोलोआउ, विल्यम्स, हॅमिल्टन सगळे एनएफएलमध्ये. तिचं म्हणणं, यंदा डिफेन्स पडला तरी दोष कोचचाच असेल असं नाही, आणि टिकला तरी श्रेय त्याचंच असेल असं नाही.

मला तिचं म्हणणं पटतं, आणि माझी अडचण तिथेच आहे. निकाल लागल्यावर सगळेच शहाणे होतात. टेक्सासने हरवलं तर अर्धा कंपू त्याच रात्री पॅट्रिशियाला हाकला म्हणेल, जिंकलो तर उरलेला अर्धा त्याला डोक्यावर घेईल. मला कसोटी आधीच ठरवायची आहे. कोचचं काम आणि खेळाडूंचा दर्जा वेगळे दिसतील असं मैदानावर नेमकं काय बघू? एनएफएलचा माणूस कॉलेजात आला की कुठे अडखळतो? आणि डेट्रॉइटचा इतिहास या कामासाठी कितपत धरायचा?

शेवटचं, थोडं व्यावहारिक. ६ सप्टेंबरच्या ग्रॅम्बलिंगच्या मॅचची तिकिटं काढायची आहेत. डिफेन्स नीट समजून घ्यायचा तर कुठे बसावं? पैसे मैदानाजवळच्या जागेवर घालू की वर जाऊ?

जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

प्रतिसाद (डेट्रॉइटहून)

लायन्सची मॅच मी सहसा चुकवत नाही, त्यामुळे त्या भागापुरतं लिहितो.

पॅट्रिशिया आले तेव्हा लायन्स आधीची सलग दोन वर्षं ९-७ (नऊ विजय, सात पराभव) होते. म्हणजे तळाचा संघ हाती आला होता असं म्हणता येत नाही. २०१८ची पहिलीच मॅच घरच्या मैदानावर, आणि न्यू यॉर्क जेट्सकडून ४८-१७ हार. मग ६-१०, त्यानंतर ३-१२-१, आणि २०२०ला थँक्सगिव्हिंगच्या दिवशी ह्यूस्टनकडून हरल्यावर गेले. डॅरियस स्लेसारख्या अव्वल कॉर्नरबॅकशी (कडेला पास अडवणाऱ्या बचावपटूशी) त्यांचं जमलं नाही, तो फिलाडेल्फियाला गेला आणि त्याने नंतर उघडपणे बोलूनही दाखवलं. हे सगळं खरं आहे, आणि ते झाकण्यात अर्थ नाही.

पण ही सगळी मुख्य कोचच्या कामातली हार आहे. पूर्ण संघाचा सूर लावणं, मोठ्या खेळाडूंची मनं राखणं, पत्रकारांना तोंड देणं. कोलंबसला ते डे करणार. पॅट्रिशियांनी मंगळवारी योजना आखायची आणि शनिवारी चाली सांगायच्या. त्यात त्यांचा अनुभव मोठा आहे. २०१६ला एनएफएलमध्ये सगळ्यात कमी गुण पेट्रियट्सने दिले, आणि त्याच हंगामाच्या सुपर बोलमध्ये अटलांटाकडून २८-३ पिछाडीवर असताना उरलेला सगळा वेळ एकही गुण न देता ३४-२८ जिंकले. पुढच्याच वर्षी मात्र फिलाडेल्फियाने याच डिफेन्सवर ४१ गुण केले. दोन्ही आठवून कंपूत बोला.

मला काळजी डेट्रॉइटची नाही, २०२३ची वाटते. ते फिलाडेल्फिया ईगल्समध्ये होते, डिसेंबरात चाली सांगायचं काम त्यांच्याकडे दिलं आणि डिफेन्स सावरला नाही. हंगामाच्या मध्यात दुसऱ्याची पद्धत हाती आली होती हे खरं. पण हे काम त्यांच्या आताच्या कामाशी जास्त जुळतं, म्हणून मी ते जास्त धरतो.

प्रतिसाद (ॲन आर्बरहून)

मिशिगनवाला आहे, तरी सांगतो, कारण आम्ही यातून नुकतेच गेलोय.

एनएफएलमधून माणूस आणायची वाट आमच्याकडे जुनी. २०२१ला बॉल्टिमोर रेव्हन्सकडून माइक मॅकडोनाल्ड आले आणि त्या वर्षी आम्ही तुम्हाला ४२-२७ हरवलं. २०२४ला न्यू यॉर्क जायंट्सकडून विंक मार्टिनडेल आले. हंगाम सुरू झाला आणि टेक्सासने आमच्या घरात येऊन ३१-१२ मारलं. सप्टेंबर-ऑक्टोबरात आमच्या लोकांनी मार्टिनडेल यांच्याबद्दल जे लिहिलं ते आज वाचवत नाही. आणि ३० नोव्हेंबरला त्याच माणसाच्या डिफेन्सने कोलंबसमध्ये तुम्हाला १० गुणांवर रोखलं. १३-१०. त्यानंतर अलाबामाला १३ वर.

दुसरी बाजूही आहे. नोत्र दामने २०१४ला जेट्सकडून ब्रायन व्हॅनगॉर्डर यांना आणलं होतं. २०१६ला संघ १-३ झाल्यावर मधूनच काढावं लागलं. त्यामुळे एनएफएलचा शिक्का बघून काहीच ठरवू नका.

आणि तुमच्या कंपूला नोल्स यांचं पहिलं वर्ष आठवतं का? २०२२, ओहायो स्टेडियम. आमचे पाच टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेणं) ४५ यार्ड किंवा त्याहून लांबचे होते: ६९, ७५, ४५, ७५, ८५. तेव्हाही नोल्सना घालवा म्हणणारे होते. दोन वर्षांनी ते विजेते झाले. नव्या कोचचा डिफेन्स बहुतेक वेळा हळूहळू झिजत नाही, तो एकदम फाटतो, कारण नव्या पद्धतीत एका माणसाने चूक केली की मागे झाकायला कोणी नसतं. पहिल्या दोन महिन्यांत २० यार्डांहून मोठ्या चाली मोजा आणि प्रत्येक वेळी बघा: पळणाऱ्याच्या आसपास बचावपटू होता आणि तो कमी पडला, की तिथे कोणी नव्हतंच? पहिलं असेल तर खेळाडूचा प्रश्न. दुसरं वारंवार दिसलं तर कोचचा.

प्रतिसाद (डॅलसहून)

वरच्या प्रतिसादातला शेवटचा परिच्छेद सोन्यासारखा आहे. कॉलेजात काय वेगळं असतं तेवढं मी लिहितो.

मैदानावरच्या दोन आखणीरेषा, ज्यांच्यामधून चाल सुरू होते, त्यांच्यातलं अंतर एनएफएलमध्ये साडेअठरा फूट आणि कॉलेजात ४० फूट. म्हणजे कॉलेजात चेंडू बऱ्याचदा एका कडेला असतो आणि दुसरीकडे प्रचंड मोकळी जागा उरते. एनएफएलमधली सममित मांडणी इथे तशीच चालत नाही. दुसरं, कॉलेजात पासच्या चालीवर आक्रमणातला लाइनमन (पुढच्या फळीतला खेळाडू) तीन यार्ड पुढे जाऊ शकतो, एनएफएलमध्ये एकच. त्यामुळे धाव आहे की पास हे लाइनमनकडे बघून ओळखणारा लाइनबॅकर (फळीमागचा बचावपटू) फसतो.

सगळ्यात मोठा फरक वेळेचा आहे. हंगामात कॉलेजच्या खेळाडूला आठवड्याला २० तासच देता येतात, त्यात सराव, बैठका, व्यायाम सगळं आलं. बेलिचिक यांच्या तालमीत वाढलेल्या माणसाची ताकद म्हणजे दर आठवड्याला प्रतिस्पर्धी बघून जवळजवळ नवी योजना. व्यावसायिक खेळाडू दिवसभर तेच करतो. २० वर्षांच्या मुलाला गणिताचा पेपर असतो! पॅट्रिशिया स्वतः विमानविद्येचे इंजिनिअर आहेत, हुशारीबद्दल शंका नाही. किती शिकवायचं नाही, हे त्यांना कळलंय का, यावर हंगाम ठरेल असं मला वाटतं.

हे घरी बसून ओळखता येतं. चेंडू सुटण्याआधीचे पाच सेकंद बघा. बचावपटू एकमेकांकडे बघून हातवारे करतायत, कुणी धावत जागा बदलतोय, माणसं जास्त झाली म्हणून टाइमआउट घ्यावा लागला, तर योजना मुलांच्या डोक्यावरून जातेय. २०२४पासून कॉलेजातही एका बचावपटूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो, पण चाल सुरू करायच्या घड्याळावर १५ सेकंद उरले की तो बंद होतो. त्यानंतर आक्रमणाने मांडणी बदलली तर उत्तर मुलांनीच शोधायचं.

आणि केलेब डाउन्सवर नजर ठेवा. अलाबामाहून तुमच्याकडे आलेला सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू), माझ्या मते देशातला सर्वोत्तम. चेंडू सुटण्याआधी तो कुठे उभा होता आणि सुटल्यावर कुठे गेला? कबड्डीत चढाई करणाऱ्याला पकड कोपऱ्यातून येणार की कव्हरमधून, हे शेवटपर्यंत कळू द्यायचं नसतं, तसंच हे. पॅट्रिशियांनी डाउन्सला प्रत्येक वेळी खोलवर उभं करून ठेवलं तर हिरा तिजोरीत ठेवला म्हणा. त्याला फिरवत ठेवला तर आर्च मॅनिंगसारख्या नव्या क्वार्टरबॅकला (पास फेकणाऱ्याला) पासआधी अर्धा सेकंद जास्त विचार करावा लागेल, आणि तेवढा वेळ तुमच्या नवख्या फळीला पुरेल.

प्रतिसाद (पुण्याहून)

मी या खेळात नवी आहे. पुण्यात ही मॅच शनिवारी रात्री साडेनऊला सुरू होईल ना? मग जागून बघता येईल. एक शंका: गुण किती दिले यावरून डिफेन्स मोजता येत नाही का? तेच सगळ्यात सोपं वाटतं.

धागाकर्ता

हो, इथे दुपारी १२, तुमच्याकडे रात्री साडेनऊ.

गुणांबद्दल: पूर्ण हंगामाची सरासरी बोलते, एका मॅचचे गुण फसवतात. आमच्या आक्रमणाने आपल्याच गोलजवळ चेंडू घालवला तर पुढचे गुण डिफेन्सच्या नावावर लागतात. त्यापेक्षा गोलजवळच्या २० यार्डांत प्रतिस्पर्ध्याला टचडाउन मिळतो की तीन गुणांच्या किकवर भागवावं लागतं, ते बघा. २०२४ला पेन स्टेटच्या मैदानावर आम्ही २०-१३ जिंकलो ते गोलजवळ चार चाली अडवल्या म्हणून.

सर्वांचे मनापासून आभार. डेट्रॉइटच्या आकड्यांवर भांडण्यापेक्षा २०२३कडे बघावं हे मला सुचलंच नसतं. मुलीला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. "तिथे कोणी होतं की नव्हतंच" ही कसोटी तिला फार आवडली. ३० तारखेच्या आधी आमच्या कंपूच्या ग्रुपवर हे लिहून टाकणार आहे: मोठ्या चाली, सुटण्याआधीचा गोंधळ, डाउन्सची जागा, आणि मध्यंतरानंतरच्या पहिल्या दोन ताब्यांत काय बदललं. शेवटची माझी भर. नोल्स यांच्या चांगल्या मॅचमध्ये ते बदल हमखास दिसायचे. पॅट्रिशियांबद्दल अंतिम मत १ नोव्हेंबरला पेन स्टेट इथे येईपर्यंत कुणी मांडायचं नाही, असंही सुचवणार आहे. ऐकतील की नाही माहीत नाही, पण आठ नव्या मुलांना तेवढा वेळ देणं न्यायाचं आहे.

जागेचं मात्र राहिलं.

प्रतिसाद (डॅलसहून)

वर जा. टीव्हीवर सेफ्टी बहुतेक वेळा चौकटीबाहेर असतात, त्यामुळे घरी जे दिसत नाही तेच स्टेडियमात बघायचं. सी डेकमध्ये, म्हणजे वरच्या मजल्यावर, गोलपोस्टच्या मागची जागा मिळाली तर सगळ्यात उत्तम. २२ माणसं आणि मैदानाची पूर्ण रुंदी समोर येते, आणि मी म्हणत होतो ती मोकळी जागा तिथून स्पष्ट कळते. मधल्या रेषेवर खाली बसलात तर समोर उभ्या खेळाडूंच्या पाठी दिसतील, आणि पैसे जास्त जातील ते वेगळंच. ग्रॅम्बलिंगची मॅच एकतर्फी होईल, म्हणून पहिल्या दोन क्वार्टरांतच बघून घ्या. नंतर राखीव मुलं उतरतील. उन्हाची टोपी आणि दुर्बीण न्या, बॅगेचा नियम आधी वाचा.