'द क्रूसिबल'मधली एलिझाबेथ स्वतःला दोष का देते? हे वाक्य कसं म्हणू?

अबोली, देवगड

नमस्कार मंडळी. देवगडजवळच्या आमच्या गावात आम्ही काही जणी आर्थर मिलर यांच्या 'द क्रूसिबल'चं अभिवाचन बसवतोय. शाळेतल्या बाई, अंगणवाडीताई, कॉलेजात जाणाऱ्या मुली असा आमचा संच. मराठी संहिता आमची आम्हीच केली. माझ्याकडे एलिझाबेथ प्रॉक्टर आहे आणि मी चौथ्या अंकात अडलेय.

नाटक वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. साल १६९२, अमेरिकेतलं सेलम. काही मुली चेटकाचे आरोप करतात आणि माणसं फासावर जायला लागतात. कबूल केलं तर जीव वाचतो, नाकारलं तर फाशी. त्यातली ॲबिगेल पूर्वी प्रॉक्टरांच्या घरी कामाला होती. जॉनचा, म्हणजे एलिझाबेथच्या नवऱ्याचा, तिच्याशी संबंध आला, एलिझाबेथने तिला घरातून काढलं, आणि आता ती एलिझाबेथचंच नाव घेते.

तिसऱ्या अंकात जॉन भर कोर्टात आपलं पाप सांगून टाकतो. वर म्हणतो, माझी बायको कधी खोटं बोलत नाही, तिला विचारा. तिला आणतात. त्याने सगळं सांगितलंय याचा तिला पत्ताच नाही. नवऱ्याची अब्रू वाचवायला ती "नाही" म्हणते, आणि त्या एका खोट्याने तो अडकतो. इथवर मला ती कळते. आमच्याकडच्या कुठल्याही बाईला कळेल.

पण जॉनच्या फाशीच्या पहाटे ती त्याला सांगते की यात माझंही पाप आहे, मी थंड होते, स्वतःला रूप नाही असं समजून तुझ्या प्रेमावर कायम संशय घेत राहिले. हे माझ्या तोंडातून निघत नाही. बाहेर गेला तो, आणि हिशोब हिने द्यायचा?

माझ्या लहानपणी आमच्या वाडीत एक काकी होती. नवरा मुंबईला गिरणीत, तिकडेच वारला. गडग्यापलीकडच्या काजूच्या तुकड्यावरून भावकीशी वाद होता. शेजारच्या पोराचा ताप उतरेना, कौल लावला, आणि हिचं नाव निघालं. ती विहिरीवर आली की बाकीच्या जणी कळशा उचलून चालू लागायच्या. शिमग्याला पालखी तिच्या खळ्यात आली नाही. आई तिन्हीसांजेला तिला पेज नेऊन द्यायची. तेव्हा ती आईला म्हणायची, "माझ्याच हातसून कायतरी चुकला असात गो." काही चुकलं नव्हतं तिचं! तुकडा हवा होता लोकांना. पण ऐकून ऐकून तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

एलिझाबेथचं ते वाक्य वाचताना मला काकीचाच सूर ऐकू येतो. आमच्यातली एक मुलगी म्हणते, सरळ गाळून टाका. काय करावं?

जुना प्रॉम्प्टर, रत्नागिरी

अबोलीताई, गाळू नका.

इतिहासातली ॲबिगेल अकरा-बारा वर्षांची होती आणि जॉन प्रॉक्टर साठीचा. त्यांच्यात संबंध असल्याचा कसलाही पुरावा नाही. मिलर यांनी तिचं वय वाढवलं, त्याचं कमी केलं आणि हे प्रकरण मध्ये घातलं. म्हणजे एलिझाबेथचं हे अपराधीपण नाटककाराने ठरवून रचलंय. कशासाठी, ते बघा.

या नाटकात बरेच जण कबुल्या देतात. तितुबा ही गुलाम बाई पहिली. चाबकाच्या आणि फासाच्या धाकाने ती कबूल होते आणि विचारतील ती नावं देते. प्रत्येक कबुली खोटी, आणि प्रत्येकीतून पुढचा बळी निघतो. एलिझाबेथची कबुली तेवढी वेगळी. ती कोर्टाने मागितलेली नाही, कोर्टाला तिचा उपयोग नाही. तिने तिचा जीव वाचत नाही आणि दुसऱ्या कुणाचा जातही नाही. सबंध नाटकात आपल्या मनाने दिलेली अशी कबुली दोघांचीच, आधी जॉनची, मग हिची.

आणि तिसऱ्या अंकातल्या खोट्याचा दोष ती स्वतःकडे घेत नाही, हेही लक्षात घ्या. ती फक्त त्यांच्या संसाराबद्दल बोलते.

किनारपट्टी, अलिबाग

मी वकिली करते. प्रॉम्प्टरकाकांचं म्हणणं पटतं, तरी एवढ्याने माझं समाधान होत नाही. बाईला स्वतःचा दोष दिसतो आणि न्यायाधीशाला दिसत नाही, हे काही योगायोगाने होत नाही.

न्यायाधीश डॅन्फर्थचं चौथ्या अंकातलं बोलणं पुन्हा वाचा. बारा जणांना त्याने आधीच लटकवलंय. आता कुणाला माफी दिली तर मेलेल्या बारांच्या गुन्ह्यावर शंका येईल, म्हणून ती देता येत नाही असं तो उघड म्हणतो. जॉनने सही केलेला कबुलीचा कागद त्याला चर्चच्या दारावर लावायला हवा, कारण अब्रू कोर्टाची वाचवायची आहे. जॉनला स्वतःच्या नावाची किंमत आहे म्हणून तो तो कागद फाडतो. दोघेही नावासाठीच भांडतायत, पण एकाच्या हातात दोर आहे.

आमच्या रायगडात वाळीत टाकल्याची प्रकरणं चालवताना मला हा डॅन्फर्थ पुष्कळदा भेटलाय. गावकीतली माणसं खाजगीत सांगतात की त्या घराचा काही दोष नाही. मग बंदी उठवा की! तर म्हणतात, आता उठवली तर इतकी वर्षं आपण काय केलं असं लोक विचारतील. २०१६चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर आलेला २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. एखादी बाई करणी करते असं सांगत फिरणं, तिच्यामुळे गुरांचं दूध आटलं म्हणणं, हा त्यात गुन्हा आहे. अबोलीताईंच्या काकीला तेव्हा यातलं काहीच नव्हतं.

खऱ्या एलिझाबेथचं पुढे काय झालं तेही संचातल्या मुलींना सांगा. ती गरोदर होती म्हणून तिची फाशी लांबली आणि ती वाचली. पण नवऱ्याच्या मृत्युपत्रात तिचं नाव नव्हतं, आणि शिक्षा झालेली म्हणून कायद्याच्या लेखी ती मेलेलीच. जिवंत असून हक्कासाठी तिला अर्ज करत बसावं लागलं. सरकारने भरपाई मंजूर केली ती १७११ साली. सेलममध्येही जमिनीचा प्रश्न होताच. नाटकातला जाईल्स कोरी हा शेतकरी पटनम या जमीनदारावर तोच आरोप करतो.

म्हणून ते वाक्य म्हणताना ती बाई पूर्ण मोकळी आहे, असं मला वाटत नाही. काकीचा सूर त्यात थोडा राहू दे.

वेंगुर्ल्याची वयनी

अबोली, माका वाटता तू काकीक नि एलिझाबेथीक एकाच पाटार बसवतंस, थंयच घोळ जाता. काकीच्या तोंडात शब्द गावान घातलेले. एलिझाबेथ आपलो हिशोब आपणच करता. खाली मान घालून बोला नको. घोवाच्या डोळ्यात बघून बोल.

आणि त्याच्या पुढची वाक्यं सोडू नकोस. जॉन ते ऐकून घ्यायलाच तयार नाही. ती म्हणते, तू माझी पापं तुझ्या डोक्यावर घेतोयस. तो म्हणतो, नाही, माझी मीच घेतोय. आमच्याकडे किती घोव असं म्हणतील? मी हौशी रंगभूमीवर पुष्कळ बायका रंगवल्या, बहुतेकींचे नवरे बायकोने दोष घेतला की गप्प बसून तो घेऊ देणारे. हा घेऊ देत नाही. त्याचं ते उत्तर जोरात येऊ दे, मग तुझं वाक्य आपोआप सुटेल.

अबोली, देवगड

सगळ्यांचे मनापासून आभार. वाक्य ठेवतेय.

वयनी, काल तालमीत तुम्ही सांगितलंत तसं, त्याच्याकडे बघत म्हटलं. जॉन वाचणारी आमची अंगणवाडीताई तिचं "माझी मीच घेतोय" इतक्या तावाने म्हणाली की मला पुढचं बोलायला बळ आलं. वकीलताई, काकीचा सूर मात्र मी या वाक्यात नाही ठेवणार. तो मला तिसऱ्या अंकात हवाय. डॅन्फर्थ विचारतो, तुझा नवरा व्यभिचारी आहे का, आणि ती उत्तरासाठी जॉनकडे बघू पाहते, तर तेवढंही तिला करू देत नाहीत. काकीसुद्धा बोलण्याआधी अशीच आजूबाजूला बघायची.

आता आमच्याकडे डॅन्फर्थ नाही. मुलींचे आवाज कोवळे पडतात. देवगड-कणकवली भागात कुणी भारदस्त आवाजाच्या बाई वाचायला तयार असतील तर कळवा, तालीम शनिवारी शाळा सुटल्यावर असते.