फेडरल म्हणजे 'संघीय'? मग युनियनला काय म्हणायचं?

भाषांतरवाली: मंडळी, मदत हवीय. राज्यघटनेवरचा एक लेख मराठीत करतेय, त्यात 'फेडरल'ला मी 'संघराज्यीय' लिहिलं तर संपादकांनी सगळीकडे 'संघीय' केलं. म्हटलं ही हिंदी आहे, तर म्हणाले पेपरात हल्ली हेच चालतं. पण पुढे 'युनियन'लाही 'संघ'च आहे ना! बाबासाहेबांनी संविधान सभेतल्या ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात नेमकं हेच समजावलंय, की रचना फेडरल असली तरी ती राज्यांनी आपसात करार करून झालेली नाही, म्हणून कुणाला फुटून निघता येत नाही, आणि म्हणून शब्द 'युनियन'. दोन्हीला संघ म्हटलं तर हा मुद्दाच बुडतो.

बांधावरून: ताई, आमच्याकडे संघ म्हणजे दूध संघ. आजोबा डेअरीचे चेअरमन होते, दर पटेना तेव्हा ठराव करून संघाला दूध घालणंच बंद केलं. म्हणजे आमच्या डोक्यातल्या संघातून बाहेर पडता येतं, मग युनियनला हा शब्द उलटाच पडतो की.

धातुपाठ: उलटा नाही. 'संघ' शब्द बनलाय सम् + हन् पासून, त्यातनंच संहत, म्हणजे घट्ट झालेलं. फेडरल मात्र लॅटिनमधल्या तह-करार अर्थाच्या शब्दावरून आलाय. तेव्हा संघ युनियनलाच ठेवा आणि फेडरलला नवा शब्द घडवा.

भाषांतरवाली: नवा घडवला तर वाचणार कोण? 'संघराज्य' आम्ही नागरिकशास्त्रात शिकलोय, तो मराठीत मुरलाय.

मांडवीकाठ: तुम्ही केंद्रशासित प्रदेश म्हणता त्याला आम्ही गोव्यात 'संघप्रदेश' म्हणायचो, तेही चुलीपर्यंत पोचलेला शब्द. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल, फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे संघप्रदेश. आमच्या घरात काका फूलवाले, बाबा दोन पानवाले, आई सांगते महिनाभर दोघांची ताटं वेगवेगळ्या वेळी वाढायची. ३४,०२१ मतांनी दोन पानं जिंकली, मग ३० मे १९८७ ला राज्य झालो. घटनेत युनियन आहे तर 'केंद्र' कशाला घुसवायचं?

खडू-फळा: मला तर 'समवर्ती सूची' जास्त खुपते, म्हणजे संसद आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो त्या विषयांची यादी. १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने शिक्षण राज्य सूचीतून तिकडे गेलं हे दरवर्षी शिकवतो आणि दरवर्षी पोरं विचारतात सर समवर्ती म्हणजे काय. सरळ 'सामाईक सूची' म्हणा, सातबाऱ्यावर सामाईक विहीर असते तशी.

बांधावरून: सर, नाही पटलं. सामाईक विहिरीला पाळ्या असतात, आज रात्री चुलत्याची मोटर तर उद्या आमची, आणि त्यात थोरला-धाकटा नसतो. इथे २५४ कलमाने दोन कायदे भिडले की संसदेचा टिकतो, राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली तरच तो त्या राज्यापुरता चालतो, आणि तोही संसद पुढे बदलू शकते. ही कसली सामाईक विहीर? जिथे हक्क सारखा नाही तिथे हा शब्द वापरू नका, गावात या शब्दावर खून पडलेत.

धातुपाठ: आणि मुळात 'सामायिक' लिहा हो.

बांधावरून: सातबाऱ्यावर तलाठ्यांनी 'सामाईक' लिहिलंय, तेच बरोबर.

खडू-फळा: 'सामायिक' म्हणजे जैनांचं ४८ मिनिटांचं ध्यान. तो शब्द वेगळा.

भाषांतरवाली: लेख उद्या द्यायचाय, 'संघराज्यीय' ठेवू का?

धातुपाठ: मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश बघून सांगतो, सामाईकचं.